सॉनाची पेटी आणि डावीकडची जागा

मी खाली सही करणारी, वय सव्वीस, काम चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासणं, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कुणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते की माझ्यामागे माझ्या वस्तूंचं काय करायचं. दबाव नाही हे अगदी खरं. उलट आई आत्ताच दारातून म्हणून गेली, "अगं, काय हे अभद्र लिहीत बसलीस? बॅग भर आधी." शुद्धीबद्दल म्हणाल तर मध्यंतरी ती एकदा गेली होती, म्हणून तर हे सगळं. आता आहे. कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण त्या नावाने मला फक्त शाळेत हाक मारायचे. घरी सगळे मला भिंगरी म्हणतात, कारण मी एका जागी बसत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. करायला वेळच झाला नाही.

कलम एक. कारण. उद्या माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. ती जन्मापासून अरुंद होती आणि कुणाला पत्ता नव्हता, मलाही नाही. आज संध्याकाळी भरती व्हायचंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बहुतेक सगळे ठणठणीत होऊन घरी जातात." मी विचारलं, "बहुतेक म्हणजे?" त्या म्हणाल्या, "म्हणजे तूही." पण उत्तर द्यायच्या आधी त्यांनी पेनाचं टोपण लावलं. आता मला ते टोपणच आठवतंय. म्हणून लिहितेय.

कलम दोन. किरकोळ. बँकेत जे आहे ते आईचं. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सायकल दुकानातल्या मैत्रिणीला, कारण ती रोज उशिरा येते आणि मीच तिची बाजू घेते. मी नसले तर तिला लवकर पोचावं लागेल. खिळ्यांची चटई, जिच्यावर झोपून पाठ सुधारते असं मी सगळ्यांना सांगत फिरले होते, ती वरच्या मजल्यावरच्या मावशींना. या मावशी रिटायर्ड नर्स आहेत. माझी घाम काढायची सॉनाची पेटी घरात आली तेव्हा त्या जिन्यात उभं राहून मोठ्याने म्हणाल्या होत्या, "घाम काढायचाय तर जिना पुसून दे की, दोघींचं भलं होईल." मावशी, मी विसरलेले नाही. चटईवर झोपताना अंगावर काहीतरी जाड घाला.

पलंगाखालचं रोइंग मशीन, माळ्यावरचा ज्यूसर, दाराला अडकवायचे रबरी पट्टे: ज्याला हवं त्याने न्यावं. आई प्रत्येक वस्तूला "हे तुझं गेल्या वर्षीचं वेड" असं म्हणते, त्यामुळे कुठलं कधीचं ते तिला विचारा.

कलम तीन. (उठून पाणी प्यायले. बॅगेत चार्जर टाकला. परत काढून बघितला, तोच आहे ना.)

कलम चार. पेटी. हेच मुख्य आहे, बाकी सगळं मी इथपर्यंत येण्यासाठी लिहिलं.

माझ्या मालकीची एक दोन माणसांची इन्फ्रारेड सॉनाची पेटी आहे. फिकट लाकूड, काचेचं दार, आत एक बाक, पाठीला, दोन्ही बाजूंना आणि पोटऱ्यांना लागून हीटरची पॅनलं. साध्या सॉनात हवा तापते, यात हवा फार तापत नाही, थेट अंग तापतं. मी हे वाक्य इतक्यांदा म्हटलंय की बाबा झोपेतही म्हणतील. मी असंही सांगत होते की घामातून शरीरातलं सगळं विष निघून जातं. डॉक्टरबाईंनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या कामाला किडन्या आहेत." बरं. पण त्यात बसलं की अंग मोकळं होतं आणि झोप लागते, यावर मी अजून ठाम आहे, आणि बाबांचा खांदा माझा पुरावा आहे.

बाबा फ्रीज आणि एसी दुरुस्त करतात. अख्खं आयुष्य लोकांना गारवा दिला आणि कॉम्प्रेसर उचलून उचलून स्वतःचा उजवा खांदा आखडून बसला. पेटी आली तेव्हा म्हणाले, "गच्चीवर ऊन फुकट मिळतं." आई म्हणाली, "माणसं वाळत घालायचं कपाट आणलंय हिने." पण जोडणी दुसऱ्या कुणाला करू देतील तर ते बाबा कसले! मीटरपासून वेगळी लाइन ओढली, जाड वायर घातली, अर्थिंग स्वतः तपासलं आणि आजकालच्या आपोआप पडणाऱ्या खटक्याऐवजी त्यांच्या विश्वासातला जुना चिनीमातीचा फ्यूज बसवला. मग "लोड बघायचाय" म्हणून आत बसले. दुसऱ्या दिवशीही लोड बघायला बसले. नंतर रोजच.

उजवा खांदा पॅनलला टेकवायचा म्हणून ते उजवीकडे बसायचे. डावीकडची जागा माझी. आत फोन नेता येत नाही, गरम होऊन बंद पडतो. एकमेकांकडे बघावं लागत नाही, दोघांचीही तोंडं काचेकडे. आणि उठून कुठे जाता येत नाही, कारण टायमर चालू असतो. मी आयुष्यात पहिल्यांदा एका जागी बसले आणि बाबा आयुष्यात पहिल्यांदा बोलले. घरात "जेवलीस का" आणि "लाइट बंद कर" यापलीकडे न बोलणारा माणूस! त्यांच्या उमेदवारीच्या गोष्टी, आईने त्यांना आधी नकार दिला होता ती गोष्ट (आई, मला माहीत आहे), आणि शेवटी, टॉवेलने मान पुसत, रोज न चुकता, "तिकडचा काय म्हणतो?"

तिकडचा म्हणजे माझा दादा.

हे न सांगता पुढचं कळणार नाही. दादा कॉलेजनंतर बाबांच्या वर्कशॉपमध्ये होता. बाबांनी त्याला फ्रीजच्या पाठीला कान लावून बिघाड ओळखायला शिकवलं. मग तो शोरूममध्ये गेला, नवे फ्रीज विकायला. तेही बाबांनी गिळलं. पण कोपऱ्यावरच्या फुलवालीचा फ्रीज बाबांनी वर्षानुवर्षं चालता ठेवला होता, आणि दादाने तिला नवा विकून जुना एक्सचेंजमध्ये घेतला आणि भंगारात पाठवला. त्याच्यासाठी ती रोजचीच गोष्ट होती. बाबा भंगारवाल्याकडे गेले, तो फ्रीज परत आणला, दुरुस्त केला. आजही वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभा आहे. रिकामा, पण चालू. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. दादा घरी येतो तो बाबा कामावर असताना, आणि आईच्या हातचं खाऊन जातो.

आता तो दिवस. आम्ही पेटीत बसलो होतो. बाबा म्हणाले, "परवा एका गिऱ्हाइकाकडून येताना तुझ्या दादाच्या शोरूमसमोर थांबलो होतो. समोरच्या फुटपाथवर."

मी म्हटलं, "मग?" मला गरगरत होतं, पण गोष्ट सोडवत नव्हती.

"आत गिऱ्हाईक नव्हतं. आणि हा पठ्ठ्या एका कोऱ्या करकरीत फ्रीजच्या मागे वाकून उभा. कान लावून."

"मग?"

"मग मी..."

एवढंच. त्यापुढचं मी ऐकलेलं नाही. माझं डोकं त्यांच्या डाव्या खांद्यावर पडलं आणि त्यांना वाटलं, चला, भिंगरी एकदाची थांबली. ते बोलत राहिले. किती वेळ, हे ते सांगत नाहीत. मग त्यांच्या लक्षात आलं.

दवाखान्यात सगळं निघालं. उष्णतेने रक्तदाब खाली गेला आणि अरुंद झडपेला तो सावरता आला नाही. डॉक्टरबाई स्पष्ट म्हणाल्या, "पेटीने आजार दिला नाही, फक्त उघडा पाडला. असं हृदय असताना आत बसायला नको होतं, पण बसली नसती तर कळलंही नसतं." आईने पहिला अर्धा भाग ऐकलाच नाही. "त्या कपाटाने माझी पोर खाल्ली असती," एवढंच धरून बसली आहे आणि भंगारवाल्याशी बोलून आली आहे. दादा फोनवर म्हणाला, "मी टेंपो पाठवतो, आमच्याकडे उचलतात जुनं." बाबा शेजारीच बसले होते. मला म्हणाले, "त्याला सांग, या घरातून तू काही उचलायचं नाही." मग उठले, फ्यूज काढला, शर्टाच्या खिशात टाकला. तेव्हापासून तो खिशातच आहे. शर्ट बदलतात, फ्यूज नव्या शर्टात जातो. पेटीत बसत नाहीत. खांदा पुन्हा आखडलाय, चहाचा कप डाव्या हाताने उचलतात. आणि बोलणं परत "लाइट बंद कर" वर आलंय.

मला झडपेची भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण रात्रंदिवस पाय हलतोय तो या दुसऱ्या गोष्टीने. मी परत नाही आले तर डावीकडे कुणीच बसणार नाही, आणि बाबा आयुष्यभर समजत राहतील की त्यांचं लक्ष नव्हतं म्हणून मी गेले. बाबा, तुमचं लक्ष होतं. तुम्ही मला गोष्ट सांगत होता.

कलम पाच. म्हणून आधी मी लिहिलं होतं की डावीकडची जागा दादाला. वकील मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "साक्षीदार कोण?" मी म्हटलं, "बाबा आणि दादा." ती म्हणाली, "मग त्यांना काही ठेवू नकोस गं, साक्षीदारालाच काही दिलं की मृत्युपत्रावर संशय घेतात. दुसरे साक्षीदार घे." मी विचार केला. साक्षीदार बदलले तर दादा घरी येणार नाही. म्हणून साक्षीदार तेच. वाटणी बदलली.

पेटी आईला. हो, आई, तुला. ती विकायची नाही, मोडायची नाही, त्यात पापड वाळवायचे नाहीत. आत बसण्याआधी ज्याने त्याने आपल्या डॉक्टरला विचारायचं. बाबांनी ब्लडप्रेशरच्या गोळीचं आधी सांगायचं. पाणी पिऊन जायचं. जरा जरी गरगरलं तर गोष्ट अर्धी टाकून बाहेर यायचं, कितीही चांगली असली तरी. आणि एकट्याने कधीच बसायचं नाही. हे शेवटचं आरोग्यासाठी आहे असं समजा.

बाबांना आणि दादाला मी काहीही ठेवत नाही. फुटकी कवडीसुद्धा नाही. तुम्हा दोघांना फक्त काम आहे: पेटीत शेजारी शेजारी बसून या कागदावर सही करायची. पेटी बंद असेल, घाबरू नका. मी दारात उभी असेन. आणि "मग मी" च्या पुढचं जे काही आहे ते बाबांनी दादाला सांगायचं. ते माझं नाही, त्यामुळे ते मला कुणाला देता येत नाही. पण ते खिशात ठेवायची वस्तू नाही, एवढं मला कळतं.

बॅग भरली. आई, बघून घे.

सही: भिंगरी (आणि खाली कागदोपत्री नावाने, वकील मैत्रिणीच्या समाधानासाठी)

साक्षीदार पहिला, वडील: वरची सही माझ्यासमोर झाली. आई कपडे वाळवेल, पापड नाही, असं ती इथे उभी राहून सांगते आहे. फ्यूज माझ्याकडे आहे. हरवलेला नाही.

साक्षीदार दुसरा, भाऊ: माझ्याही समोर झाली. बाबांच्या डावीकडे बसून लिहितोय, बाक अरुंद आहे, कोपर लागतंय. मी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत फुटपाथवर?" पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, "आत्ता नाही. हिने अर्धी ऐकलीय. हिला घरी येऊ दे, मग दोघांना एकदमच सांगतो." भिंगरे, कलम पाच त्यांनी धुडकावलंय. आता तुलाच यावं लागेल.

स्थळ: मधली खोली, पेटीचं दार उघडं
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, दुपार