सव्वीस डिग्रीचं पाणी

सर, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, माझीही नोकरी संपली, पण तुमच्यावरचा राग काही जात नाही. शाळेनं तुमच्या फोटोला हार घालायला बोलावलं, तेव्हा डोकं दुखतंय सांगून मी घरीच बसले. डोकं अजिबात दुखत नव्हतं.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मंगरूळपीरच्या शाळेत तुमच्या हाताखाली मी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. आमच्या घरातली पहिली नोकरी. वर्षभर कच्ची, मग तुमच्या शेऱ्यावर कायम. बाबांनी विहारात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की पोरगी आता कायम होणार. त्याच वर्षी तुम्ही रत्नागिरीहून डब्यांतून समुद्राचं पाणी आणलंत, सोबत प्रवाळाचा जिवंत तुकडा आणि दोन पट्टेरी मासे. ती काचेची टाकी बघायला अख्खं गाव लोटलं. आमच्याकडे समुद्र पाहिला होता कोणी? माझ्या हातात थर्मामीटर देऊन तुम्ही म्हणालात, "सव्वीसच्या वर जाऊ देऊ नको. अन् उतरवायचं तं हळू, तासाले एक डिग्री. झटका बसला का मेले."

होळीनंतर ऊन चढलं. मी टाकीच्या तीन बाजूंना ओलं गोणपाट बांधते, समोर टेबलफॅन लावते, लाइट गेली की पुठ्ठ्यानं वारा घालत बसते. पाणी उडून कमी झालं की काचेवर मारलेल्या रेघेपर्यंत गोडं पाणी घालते, कारण मीठ काही उडत नाही. रविवारीसुद्धा येते. दीड महिना सव्वीस टिकलं, आणि पाहुण्यांना तुम्ही काय सांगायचात? "मी सांभाळून राह्यलो." एकदाही माझ्याकडे बोट दाखवलं नाहीत. ते बोट पुढे बरोबर दाखवलंत.

तपासणीच्या दिवशी सकाळी तुम्ही गोणपाट सोडायला लावलं. "साहेबाले काय गोदाम दाखवतं?"

"सर, पानी तापंन," मी म्हटलं.

"मले शिकवून राह्यली का तू?" सगळ्या शिक्षकांसमोर. दोघं-तिघं हसले.

अकरा वाजता पारा एकतीसवर. साहेबांची जीप यायला तासभर होता. तुम्ही घामाघूम. सरबतासाठी अकोल्याहून एसटीनं भुशात गुंडाळून आणलेला बर्फ कोपऱ्यात पडला होता. तो धुऊन तुम्ही दोन मोठे खडे टाकीत सोडलेत. पारा भराभरा उतरला, तुमचा चेहरा खुलला. साहेब आले तेव्हा दोन्ही मासे पोट वर करून तरंगत होते आणि प्रवाळावर पांढरी चिकट साय आली होती. साहेबांनी भुवया उंचावल्या. तुम्ही माझ्याकडे बोट केलंत. "या बाईच्या भरोशावर ठेवलं होतं, साहेब."

माझ्या कागदावर तुम्ही 'निष्काळजी' लिहिलंत. माझं कायम होणं दोन वर्षं लांबलं. बाबांनी विहारात जाणंच बंद केलं, कारण तिथं कोणी ना कोणी विचारायचंच. घरी ते मला विचारत, "काहून बोलली नाई तू?" मी म्हणायचे, माझं कोण ऐकून राह्यलं तिथं. ते खरंही होतं. तुम्ही मात्र माझ्या लग्नात स्टीलचा डबा घेऊन आलात आणि पोटभर जेवलात. लाज नावाची गोष्ट तुमच्या गावावरूनसुद्धा गेली नव्हती, सर. तुमचं एक वाक्य, 'चूक माझी होती' एवढंच, आणि बाबांना मान वर करून फिरता आलं असतं. ते वाक्य तुम्ही मरेपर्यंत बोलला नाहीत.

बाबांना, नवऱ्याला, मुलांना मी हे सगळं असंच सांगत आले. एक गोष्ट गाळून. बर्फाचे खडे हातात धरून तुम्ही माझ्याकडे वळला होतात. सकाळचा तोरा पार गेला होता. अगदी हळू आवाजात विचारलंत, "चालते ना?"

तासाला एक डिग्री, मला पाठ होतं. त्या दोघा-तिघांचं हसणं अजून कानात होतं. मी मान हलवली, हो म्हणून.