साधी गाठ

प्रिय आई,

तुझा फोन उचलत नाही, कारण उचलला की तू रडशील आणि मी पुन्हा गप्प बसेन. मी गारखेड्यात मैत्रिणीकडे, राजनंदिनीच्या खोलीवर आहे. ऑफिसला जाते, जेवते. काळजी करू नकोस.

तो हात अजून अंगावरून जात नाही गं. माझ्या होणाऱ्या सासूनं, वरदच्या आईनं, अनसूयाकाकूंनी, आपल्या घरी चहा संपवला आणि सरळ म्हणाल्या, "आत चल, ती गाठ बघू दे एकदा." बाहेर बाबा आणि वरद क्रिकेटवर बोलत राहिले. आत काय चाललंय ते दोघांनाही ठाऊक होतं. मंडईत वांगं दाबून बघावं तसं त्यांनी माझी छाती दाबून बघितली, आणि मग साबणानं हात धुतले, जणू माझंच काहीतरी त्यांना चिकटणार होतं. दाराला कडी तू लावलीस. मला त्यांच्या हाताची किळस आली, त्या साबणाच्या वासाची आली, आणि खोटं कशाला बोलू, तुझीही आली.

रिपोर्ट समोर टेबलावर पडला होता, तो कुणी वाचला नाही. डॉक्टरबाईंनी हात लावण्याआधी मला विचारलं होतं. दोन्ही बाजू तपासल्या, काखेतही बघितलं. गाठ बोटाखालून सटकत होती. मग सोनोग्राफी झाली, मग जागा बधिर करून सुईनं बारीक तुकडा काढला. तिन्हीचं उत्तर एकच आलं, फायब्रोअ‍ॅडिनोमा. तरुण वयात होणारी साधी गाठ, कॅन्सर नव्हे. वाढली नाही तर काढायचीही गरज नाही, फक्त सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायची.

तरी काकूंना लग्नाआधी ऑपरेशन हवं, आणि वर व्रणही दिसायला नको! वरद म्हणाला, "आईच्या समाधानासाठी करून टाक ना." काल त्याला सांगितलं, हे लग्न होणार नाही. त्यानं एवढंच विचारलं, "पत्रिका छापायला गेल्यात, त्यांचं काय?"

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. त्या खोलीत काकूंची समजूत काढताना तू हळूच म्हणालीस, "अहो, मलाही आहे एक, कित्येक वर्षांची. काही होत नाही." त्यांनी ऐकलंच नाही. मी ऐकलं, पण रागात काही विचारलं नाही, आणि तेव्हापासून धड झोप नाही. माझी साधी आहे हे कळलं ते तपासली म्हणून. तुझीही बहुधा साधीच असेल, पण पन्नाशीनंतर अंदाजावर सोडायची नसते, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मॅमोग्राफी करावी लागेल. गुरुवारी सकाळी तुझं नाव नोंदवलंय. मी रिक्षा घेऊन उस्मानपुऱ्यात घरी येते. बाबांना काय सांगायचं ते मी बघेन. माझा राग गेलेला नाही, आई. पण तू तयार राहा.

तुझीच,
मनस्विनी