पोतारलेली खोली

बोरी (मारेगाव), २० ऑगस्ट १९५९

ती. स्व. दादास,

हंसाचा शि. सा. न. वि. वि. मी अन् पोरगी ठीक आहो असं लिहाचं असते, म्हणून लिहिलं. पोरीचं नाक तुझ्यावाणी फताडं आहे, अन् आत्याबाई सासूच्या तोऱ्यात बोलतात मले.

तुमच्या मलेरिया खात्याचे फवारणीवाले आलते. ओसरी, माजघर, कोठा, सारं मारलं. पण बाळंतिणीच्या खोलीत परका माणूस कायले, म्हणून आत्याबाईनं त्यायले वापस लावलं. आता घरातले उरलेसुरले डास माझ्याच खोलीत. खिडकी नाही, दार लावलेलं, बाजेखाली शेगडी. परवा मले हुडहुडी भरून ताप आला. माहेरी पाठवा म्हटलं तर हे म्हणतात, आईले विचार. सव्वा महिना घराबाहेर पाय टाकू देत नाहीत. दादा, मले घेऊन जा.

वहिनीस नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी हंसा

नेर, २६ ऑगस्ट

चि. सौ. हंसास,

उकंडादादाचे अनेक आशीर्वाद. पत्र वाचून सुटी मागितली. पण इथल्या खेड्यांत फवारणीची फेरी चालू आहे, साहेब सुटी देत नाही.

डासाची मादी रगत पिऊन जड होते अन् जवळच्या भिंतीवर टेकते. भिंतीवर औषध असलं तर तिथंच मरते. नाही तर तुझाच ताप पुढं पोरीले देते. मारेगावच्या फवारणी टोळीच्या जमादाराले चिठ्ठी लिहिली, तो पुन्हा येईन. तेव्हा तू पोरीले घेऊन न्हाणीत बस. खोलीत बाळंतीण नसली तर आत्याबाईची हरकत कायची? दवाखान्याच्या गोळ्या मागवून घे. पालीले भिऊन बाजेवर चढणारी तू, धीर धर बाई.

जवाईबापूंस रामराम. लोभ आहेच, पत्रही येऊ दे.

दादा

बोरी, १० सप्टेंबर

ती. स्व. दादास,

शि. सा. न. वि. वि. तुझी युक्ती चालली. भिंतीवर औषधाचे पांढरेफट्ट डाग पडले, सकाळी मेलेले डास झाडून काढले. आत्याबाई तर शेजारणीयले बोलावून दाखवत होत्या.

मग येत्या सोमवारचं बारसं ठरलं. नातीची खोली अशी डागाळलेली कशी ठेवावी, म्हणून त्यांनी दुखत्या गुडघ्यांनी स्वतः चारी भिंती शेणामातीनं पोतारल्या. मी ओरडली, तर म्हणाल्या, "औषध आत आहेच की, ते कुठं जाते?" वैरानं केलं असतं तर भांडली असती रे. औषध मातीखाली गेलं, डास पुन्हा आले. कालपासून पोरगी तापली, दूध ओढत नाही. आत्याबाई रडत रडत पदरानं वारा घालून राह्यल्या, पण बाहेरची हवा लागन म्हणून दार उघडू देत नाहीत. मले इथं गुदमरून जीव जाईन असं वाटते.

हंसा

नेर, १२ सप्टेंबर

चि. सौ. हंसास,

आशीर्वाद. हे पत्र मोटारीच्या ड्रायव्हरच्या हाती देतो. आत्याबाईवर रागावू नको, इथंही बाया हेच करतात अन् आम्ही घसा फोडतो. सुटी नाही मिळाली, तरी उद्या फवारणीचं सामान खात्यात जमा करून निघतो. नोकरीचं पाहू.

पण माझी वाट पाहू नको. वाचून होताच पोरीले उचल अन् मारेगावच्या दवाखान्यात जा. जवाई आले तर त्यांच्यासंग, नाही तर एकटी. आत्याबाई आडव्या आल्या तर त्यांचाही हात धर अन् संग ने. शिव्या मी येऊन खाईन. सव्वा महिना, बारसं, सारं मागं राहू दे. नाव ठेवायले आधी पोरगी पाहिजे.

तुझा दादा