टर्बोला बंदी, तुमच्या नावाने

प्रिय बाबा,

उद्या रविवार, आणि वाघोलीला मला दोन शब्द बोलायचे आहेत, म्हणून हे पत्र. तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. इतके दिवस एक ओळ लिहिली नाही आणि आता गळ्याशी आल्यावर बसले, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकते.

झालंय असं, की तुमच्या रविवारच्या गाडीवेड्या मंडळींनी ठरवलंय, तुमच्या स्मरणार्थ उद्यापासून आपल्यात टर्बोची गाडी आणायची नाही. आणि हे जाहीर कोणी करायचं, तर मी! गोडबोलेकाकांचा दहा दिवसांपूर्वी फोन आला. "मुक्ता, तू त्यांची लेक. तुझ्या तोंडून शोभेल." मी म्हटलं, "काका, माझी स्वतःची गाडी टर्बो आहे." तर म्हणाले, "मग बसने ये. तुझे बाबा यायचेच की."

यायचात खरे! काय थाट होता तुमचा! राहायला कसबा पेठेत, जिथे बोळात स्कूटर वळवायची तर समोरच्याला आधी घरात जायला सांगावं लागतं, आणि गाडी घेतलीत ती दोन माणसांची, उघड्या छपराची, लाल. ती राहायची काकांच्या वाघोलीच्या शेडमध्ये. दर रविवारी सकाळी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून बसने तिच्याकडे निघायचात, सासरी दिलेल्या लेकीकडे जावं तसे. पिशवीत मात्र लाडवांऐवजी स्पार्क प्लग. आई म्हणायची, "सख्ख्या लेकीच्या शाळेत कधी इतक्या वेळेवर गेला नाहीत."

कारखान्यात पस्तीस वर्षं नोकरी केलीत आणि निवृत्त होताना ते भंगार उचलून आणलंत. आठ वर्षं लागली तिला उभं करायला. मग मला शेजारी नाही, थेट स्टिअरिंगवर बसवलंत. "काट्याकडे बघू नकोस. कानाने गिअर बदल." लोणीकंदच्या पुढे रस्ता मोकळा झाला, इंजिनाचा सूर चढत गेला, मी घाबरून क्लच दाबायला गेले आणि तुम्ही ओरडलात, "थांब! अजून थांब! तिला बोलू दे!" त्या दिवशी मी किती हसले होते! माझ्या नोकरीचं मूळ त्या सकाळी आहे, हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

मंडळींमध्ये तुमचा मान वेगळा. कोणी गाडी आणली, की आधी तुमच्यासमोर उभी करायची. तुम्ही मडगार्डवर तळहात ठेवून डोळे मिटायचात. तुम्ही हात उचलेपर्यंत कोणी बोलायचं नाही, चहाचा घोटही घ्यायचा नाही. मग तुम्ही निकाल द्यायचात, "तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बघा." आणि तो निघायचाही खराब!

टर्बो आला तेव्हाचा शोक आठवतोय? धुराचे नियम कडक झाले, इंजिनं लहान झाली आणि वर टर्बो बसला. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर चक्र फिरवायचं आणि इंजिनात हवा कोंबायची. ताकद वाढली, पेट्रोल वाचलं, आणि तुमच्या मंडळींना सुतक लागलं. सातच्या चहापासून दहाच्या मिसळीपर्यंत दुसरा विषय नाही. कोणी म्हणे, पाय दाबला की ही आधी विचार करते, मग अर्ज करते, मग निघते. गोडबोलेकाकांचा सगळा राग त्या टर्बोच्या शिट्टीवर. "गाडी चालवतोय की कुकर लावलाय?" नव्या दमाचे सभासद दबक्या आवाजात म्हणायचे, "पण काका, पाठीत जो धक्का बसतो ना, एक नंबर!" त्यांच्याकडे कोणी बघायचंही नाही.

तुम्ही मात्र शिट्टीबद्दल कधी चकार शब्द काढला नाहीत. तुमचं एकच, "हिच्यात जीव नाही." सगळे माना डोलवायचे. मीसुद्धा!

आणि नेमकं मी पोटापाण्यासाठी काय करावं? टर्बोमुळे इंजिनाचा आवाज दबतो, म्हणून खराडीच्या ऑफिसात बसून मी तो नव्याने बनवते, स्पीकरमधून गाडीत सोडायला. तुम्ही म्हणालात, "म्हणजे स्वतःला गळा नाही म्हणून गाणारी भाड्याने आणली!" चारचौघांत तुम्ही माझं काम "काहीतरी कॉम्प्युटरचं" असं सांगायचात. लागायचं हो ते मला.

पाडव्याचा दिवस मी अजून विसरलेले नाही. दीड वर्ष खपून बनवलेला आवाज ऐकवायला मी तुम्हाला नवी गाडी घेऊन न्यायला आले होते. बाबा, तो आवाज तुमच्या लाल गाडीचा होता. काकांना पटवून, तुम्हाला पत्ता न लागू देता, तिचं रेकॉर्डिंग केलं होतं. मला वाटलं, दोन मिनिटांत ओळखाल आणि डोळे भरून येतील. तुम्ही डॅशबोर्डवर हात ठेवलात, डोळे मिटलेत. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. आणि तुम्ही म्हणालात, "नाही गं. जीव नाही."

मी तिथूनच गाडी वळवली. शनिवारवाड्यापाशी तुम्हाला उतरवलं आणि काच वर केली. त्यानंतर एकाही रविवारी तुमच्याबरोबर आले नाही. तुम्ही बोलावत राहिलात आणि मी कामं काढत राहिले.

मागच्या महिन्यात लाल गाडी आईच्या नावावर करायची म्हणून कागद शोधत होते. आरसी बुकाच्या पाकिटात एक घडी केलेला कागद निघाला. तुमच्या कानांच्या तपासणीचा आलेख. तो मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती, असे आलेख मी रोज बघते. रेष खाली, आणखी खाली, आणि शिट्टीच्या सुरांपाशी तर काहीच नाही. कागद त्या पाडव्याच्या तीन वर्षं आधीचा.

म्हणजे तुम्ही हाताने ऐकत होतात! जुन्या इंजिनाची थरथर तळहाताला कळायची. आणि माझा आवाज स्पीकरचा, त्याने कुठली गाडी थरथरते?

आई म्हणाली, "तुला कळलं असतं तर तू त्यांना गाडी चालवू दिली असतीस? आणि लेक आवाजाची इंजिनिअर, तिला काय सांगू म्हणाले." मी आईवर चिडले. पण चिडायचं कोणावर होतं? टीव्हीचा आवाज इतका मोठा का, आई प्रत्येक वाक्य दोनदा का बोलते, हे मला विचारावंसं वाटलं नाही. म्हटलं, सवयी असतात घराच्या. आवाज हा माझा धंदा, बाबा, आणि माझ्या घरातल्या माणसाचे कान गेले ते मला कळलं नाही. माझं चुकलं. पण तुमचंही चुकलं. एकदा सांगायचंत ना!

हे सगळं माझ्यापाशीच ठेवणार होते. तुमचा मान होता तिथे तसाच राहू दे, म्हटलं. उद्या घोषणा करायची, मिसळ खायची आणि घरी यायचं.

पण मागच्या रविवारी तुमची गाडी सुरू करून ठेवायला वाघोलीला गेले होते. एक जण नवीकोरी टर्बो घेऊन आला. शिट्टी अशी, की माझ्या दातांना कळ लागली. आता तुमच्या जागी गोडबोलेकाका असतात. त्यांनी मडगार्डवर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "शिट्टी काढून टाकलेली दिसते यांनी. पण जीव नाही." आणि बाबा, सगळ्यांनी माना डोलवल्या!

म्हणून बंदी जाहीर करणार नाही. माझी गाडी घेऊनच जाणार आहे, आणि तुमच्या कानांचं सगळ्यांना सांगणार आहे. तुम्ही रागवाल हे माहीत आहे. तुम्हाला टर्बो आवडला असताच असं मी म्हणणार नाही, तेवढी मी तुम्हाला ओळखते. पण तुम्ही न ऐकलेल्या गाड्यांना तुमच्या नावाने बाहेर काढायचं, हे मला जमायचं नाही.

सोमवारी काकांसाठी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. कुरकुर करतील, तरी नेईन. तुम्ही तिथे एकटेच गेला होतात, आणि नाव पुकारलेलं कळलं नाही म्हणून तुमचा नंबर दोनदा निघून गेला, असं आईने सांगितलं. शब्द देते बाबा, काकांच्या शेजारी मी बसेन. नाव पुकारलं की मी ऐकेन.

तुमची,
मुक्ता