डिकीतला पंजा

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.
आजपासून गाडी. सासुरवाडीची, १९७९ची फियाट. उदगीरच्या व्यंकटराव मामांना, म्हणजे माझी बायको अंबिका हिच्या अप्पांना, गुडघ्यांमुळे क्लच दाबवत नाही. म्हणून दिवाळीत तिच्यामार्फत माझ्याकडे आली. अट एकच. वेळ अमावस्येला, म्हणजे शेतातल्या पूजेच्या सणाला, १९ डिसेंबरला, मामांना याच गाडीतून शेतात न्यायचं, आंबिलीचा माठ डिकीत ठेवून. मामी होत्या तेव्हा जसं जायचे, तसं.

तोवर नवा रंग. औसा रोडचा पेंटर वैजनाथ म्हणाला, जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवल्याशिवाय नवा धरायचा नाही, आठ दिवस गाडी माझ्याकडं सोडा. मी सांगितलं, एकवीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतोय, रंग उतरवणं म्हणजे केमिस्ट्रीच. 'हाव सर,' म्हणाला. हसल्यासारखा वाटला.
प्लॅन: रोज दोन तास. बॉनेट, दारं, टप, या क्रमाने. २३ला प्रायमर.

११.३०.
बॉनेट उन्हात आहे. रिमूव्हर उन्हात वाळतो. डिकी कडुलिंबाच्या सावलीत. शास्त्रीयदृष्ट्या तिथूनच सुरुवात योग्य. शिवाय डिकी उघडली की झाकणाची आतली बाजू खुर्चीत बसून हाताला येते. आतून उतरवायची गरज नसते म्हणे. पण अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही.
मध्येच मामांचा फोन. डिकीबद्दल काहीतरी सांगत होते. एका हातात ब्रश, फोन खांद्यात दाबलेला. हो हो म्हणालो. वडीलधाऱ्यांना मध्येच तोडू नये.

सायं. ५.
आतलं झाकण लखलखीत. मधोमध एक पिवळट तपकिरी डाग होता. दोन लांब फराटे, तीन आखूड. वरून कुणीतरी वार्निश मारलेलं, त्यामुळे फार चिवट. दोनदा रिमूव्हर लावला तेव्हा निघाला. मग धुण्याच्या सोड्याने पुसून घेतलं. आजचा दिवस सार्थकी लागला.

१० नोव्हेंबर.
जेवताना अंबिकाने विचारलं, अप्पांनी फोनवर सांगितलं ना, आईचा हात नीट झाकून घेतला ना?
कुठला हात, असं मी विचारलं नाही हे नशीब. तिनेच पुढे सांगितलं. गाडी नवी उदगीरला आली त्या दिवशी पूजेला तिच्या आईने, नीलाबाई मामींनी, डिकीच्या आत हळदीचा पंजा उमटवला होता. बाहेर उन्हाने हळद उडते म्हणून आत. मामी गेल्यावर अप्पांनी त्यावर वार्निश मारून घेतलं. वेळ अमावस्येला डिकी उघडली की ते आधी त्या पंजाला हात जोडतात, मग माठ ठेवतात.
नंतर बराच वेळ आईच्या आठवणी. त्या हाताने केलेल्या भाकरी. गाडी यायच्या आधी कडबा कापायच्या यंत्रात बोटाचं पेर गेलं, तरी तिसऱ्या दिवशी बाई चुलीपुढे. वगैरे. माझं लक्ष नव्हतं.
म्हणालो, हो, झाकलाय.
हे खोटं नाही. नंतर जाऊन ताडपत्री टाकली.

१६ नोव्हेंबर, रविवार.
आज अंबिकाला सांगून टाकायचं ठरवलं होतं. तिने सकाळी धपाटे केले. समोर गरम धपाटे असताना असं काही बोलवत नाही. पुढच्या रविवारी नक्की.
गाडी: बॉनेटवर ताटाएवढा भाग उतरवला. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली क्रीम.

२० नोव्हेंबर.
फार अपराधी वाटतं. स्वतःच्याच अंगणात चोरासारखा वावरतो. दिवसातून तीनदा ताडपत्री उचलून बघतो. काय उगवणार आहे तिथे?
खरं पाहता चूक मामांचीही आहे. महत्त्वाची गोष्ट फोनवर सांगू नये.

२३ नोव्हेंबर, रविवार.
सांगितलं नाही. वैजनाथ आला होता. त्याने बॉनेटवर बोट फिरवलं. मग ताडपत्री उचलून म्हणाला, 'सर, हे कामून उतरवलं? हितं कोण बघायलंय?'
कुणीच नाही, म्हणालो. तो गेल्यावर पायरीवर बसून राहिलो.
प्रायमर ३०ला.

२७ नोव्हेंबर.
उपाय सापडला! हळद म्हणजे शेवटी एक रंगद्रव्य. पंजा पुन्हा तयार करता येतो. ही फसवणूक नव्हे. देवळाचा जीर्णोद्धार करतात, त्याला कुणी फसवणूक म्हणतं का?
वर्तमानपत्रावर माझ्या हाताचा ठसा घेऊन पाहिला. अस्वलाचा वाटतो. बाईचा हात हवा.

३० नोव्हेंबर, रविवार.
अंबिका बाजारात गेल्यावर शेजारच्या मंजुश्रीताईंना बोलावलं. बँकेत असतात, हात लहान. कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनासाठी म्हणालो. डिकीतच का, असं त्यांनी विचारलं. धातू आणि त्वचा यावर काहीतरी बोललो.
ठसा सुरेख उमटला आणि बघता बघता लालभडक झाला. सोडा! झाकणावर सोडा राहिलेला. हळद सोड्याने लाल होते हे मी दरवर्षी शिकवतो. डिकीत खून झाल्यासारखं दिसत होतं. अंबिका फाटकात शिरायच्या आत पुसलं.
प्रायमर राहिला.

७ डिसेंबर, रविवार.
पत्रा लिंबाच्या रसाने धुतला, पाण्याने धुतला, क्रीम रंग दिला. आज मंजुश्रीताई पुन्हा. प्रदर्शन कधी आहे, विचारत होत्या. पुढे ढकललंय, म्हणालो.
पंजा अप्रतिम! वर चहाचं पाणी फिरवून जुना केला, मग वार्निश. पाचही बोटं अगदी नखापर्यंत स्पष्ट. मामींच्या ठशात तीन आखूड आली होती. माझा सरस आहे. मामांना आनंदच होईल.

१४ डिसेंबर, रविवार.
गाडी: बॉनेट अर्धं, एक दार पाव. बाकी तशीच. रंग आता संक्रांतीनंतर. अमावस्येला झेंडूच्या माळांनी झाकून घेऊ.
पंजा इतका चांगला जमूनही बरं वाटत नाही. हे अपेक्षित नव्हतं. काल अंबिका म्हणाली, तुम्ही आईचा हात इतका जपलात, अप्पांना फोनवर सांगितलं मी. मी पाण्याची मोटर बंद करायला म्हणून बाहेर गेलो. मोटर चालूच नव्हती.

१९ डिसेंबर, शुक्रवार. वेळ अमावस्या. सायं. ६.
मामा कालच एसटीने आले. सकाळी अंबिका आत माठाला हळदकुंकू लावत होती तेव्हा त्यांनी डिकी उघडली. हात जोडले. मग जोडलेले हात तसेच राहिले. वाकले. एकेक बोट मोजलं. माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, 'जावईबापू, पन्नास वर्षं होत आली. कडबा कापताना गेलेलं नीलाचं बोट तुम्हाला कुठं घावलं?'

सगळं सांगितलं. सोडा, लिंबू, मंजुश्रीताई, सगळं. ते ओरडले असते तर फार बरं झालं असतं. ते नुसते झाकणाकडे बघत होते. लाज वाटली. एकेचाळीस दिवसांत पहिल्यांदा खरोखरची लाज वाटली.
मग मामांनी विचारलं, 'ते रंग काढायचं औषध हाय का अजून?'
आहे म्हणालो. डबा जवळपास भरलेलाच.
'करंगळीशेजारचं बोट. वरचं पेर काढा.'
काडीला कापूस गुंडाळून बसलो. त्यांनी नखाने रेघ दाखवली, तिथपर्यंत उतरवलं. खाली पत्रा दिसला, त्यावर क्रीम रंगाचा ठिपका दिला. अख्ख्या गाडीवर एवढंच एक काम वेळेत आणि बिनचूक झालं. मामा म्हणाले, 'आता दिसायलंय तिच्यावानी. अंबीला न्हाई सांगायचं.'

तेवढ्यात अंबिका माठ घेऊन आली. माठ ठेवला आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःचा पंजा त्या पंजावर टेकवला. बराच वेळ उभी होती. डोळे भरले होते. हात काढला तेव्हा तिच्या बोटाच्या टोकाला क्रीम रंग लागला होता. तिने बोट बघितलं, अप्पांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पदराला पुसून म्हणाली, चला, उशीर होतोय.
तिला कळलं नसावं.

शेतात मामा पोटभर जेवले. तीनदा आंबील घेतली. मला सणाची भाज्या-डाळींची भज्जी गेली नाही. येताना अंबिका माझ्याशेजारी बसली होती, रस्ताभर बोलली नाही. दमली असणार. घरी आल्यावर तिने भज्जीचा डबा भरला, बाजरीचे उंडे बांधले आणि म्हणाली, हे मंजुश्रीताईंना देऊन या, प्रदर्शनाचं विचारत होत्या. तुम्हीच जा.

मीच का, ते कळलं नाही. डबा अजून ओट्यावर आहे. अंबिकाला रविवारी सगळं सांगणार. नक्की.