हंबीररावाचा दाखला

कुरुंदवाड,
१६ फेब्रुवारी २००४

चि. अमरेश,
अक्काचे तुम्हा तिघांना पोटभर आशीर्वाद.

बसवण्णाच्या कृपेनं मी आणि अप्पा धडधाकट आहोत. अप्पांचा खोकला गेला. लग्नसराई आहे, त्यामुळे दुकानात रुखवताच्या भांड्यांना उसंत नाही. शिवांशचा फोटो पोचला. लोकरीच्या टोपीत नुसते गाल दिसतात गुलामाचे. फोटो गल्ल्याजवळ लावलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

आता तुझ्या कामाचं. बेल्जियममध्ये पोलिओची लस कायद्यानं सक्तीची आहे, दीड वर्षाच्या आत पोराला दिल्याचा दाखला नगरपालिकेत द्यावा लागतो, नाहीतर दंड आणि कोर्ट, हे तू अप्पांना फोनवर सांगितलंस. तुला लस द्यायची नाही. म्हणून दिवाळीत इथं आलात तेव्हा सगळे डोस झाले असा दाखला इथल्या डॉक्टरनं द्यावा, असं तुझं म्हणणं.

तुझा वर्गमित्र डॉक्टर हंबीरराव लगेच तयार झाला. "दोस्तासाठी एवढंबी करायचं न्हाय व्हय? अक्के, तिकडनं कोण तपासाय येतंय हितं?" म्हणाला आणि सही-शिक्का मारून मोकळा. अप्पांनी पाकीट माझ्याकडे दिलं, पोस्टात टाक म्हणून.

मी ते आंघोळीच्या बंबात घातलं.

अप्पा दोन दिवस दुकानातच जेवले. मग म्हणाले, "पोराची नोकरी हाय तिकडं. कागदच तर हुता, तुझं काय जात हुतं?" मी म्हटलं, "माझं जायचं ते गेलंय की, अप्पा." त्यावर ते उठून दुकानात गेले. आपल्या घरात या विषयावर सगळे उठूनच जातात.

तू म्हणतोस, सरकारनं माझ्या पोराच्या अंगाला हात लावायचा नाही, त्याला विचारल्याशिवाय त्याच्या रक्तात काही घालायचं नाही. बरं. जन्मल्यावर जंगमांनी तुझ्या गळ्यात लिंग बांधलं, तेव्हा तुला कुणी विचारलं होतं? आणि दिवाळीत शिवांशचे कान टोचले तेव्हा तो गल्ली डोक्यावर घेऊन रडत होता. सोनाराच्या पुढ्यात त्याचे पाय कुणी घट्ट धरले होते? तूच ना? वर "झालं झालं, राजा" म्हणत होतास.

सक्तीचं म्हणशील तर मलाही ती आवडत नाही. कुणी हुकूम सोडला की मला उलटंच करावंसं वाटतं, तुला ठाऊक आहे. तुला लढायचंय ना? मग नाव सांगून लढ. दंड भर, कोर्टात उभा राहा, माझं पोर माझं म्हणून ओरड. मी तुला चूकच म्हणेन, पण भित्रा म्हणणार नाही. तिकडे छाती काढायची आणि इकडे हंबीररावाकडून चोरून शिक्का मागायचा, याला काय म्हणू? लाज वाटली मला.

आणि सगळ्यात राग कशाचा आला सांगू? तू सुष्मिताला सांगितलंस म्हणे, "आमच्या घरात कुणी लस घेतली नाही आणि कुणाला काही झालं नाही." तिनंच फोनवर मला विचारलं, "अक्का, खरं का हो?" मी "लाइन तुटायला लागलीय" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

तुझं लग्न ठरताना सुष्मिताच्या माहेरची, नेसरीची माणसं घर बघायला आली, तेव्हा मला गल्ल्यावर बसवून ठेवलं होतं, चालताना दिसू नये म्हणून. लग्नात दिसलेच. तेव्हा अप्पा सुष्मिताच्या आईला म्हणाले, "ल्हानपनी चिंचंवरनं पडली." घराण्यात रोग आहे असं वाटून सोयरीक मोडू नये, एवढंच त्यांच्या मनात. तू शेजारी उभा होतास, मान हलवलीस. लग्न झालं, पोर झालं, तरी चिंच काही तुम्ही सोडली नाही. आता तर तुझाच त्यावर विश्वास बसलेला दिसतो.

मी चार वर्षांची होते. तीन दिवस ताप आला आणि डावा पाय माझा राहिला नाही. तू जन्मलास तेव्हा अव्वानं सव्वा महिना संपायचीही वाट बघितली नाही. सगळ्या गल्लीचं ऐकून घेत तुला एस.टी.नं मिरजेला नेलं आणि डोस पाजला. पुढचे डोसही. दर खेपेला मला बरोबर नेई, कारण घरी सांभाळायला कुणी नव्हतं. नर्सनं तुझं तोंड उघडलं ते मी बघितलंय. तू दोन पायांवर पळत शाळेत गेलास, मुंबईला गेलास, परदेशात गेलास. मला त्याचा कधी हेवा वाटला नाही, आनंदच वाटला. पण त्याच पायांवर उभा राहून तू म्हणतोस, कुणाला काही झालं नाही. मग मी कोण रे?

इथून दाखला येणार नाही. हंबीररावानं दुसरा दिला तर त्याच्या दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसेन, बघू पेशंट कसे आत जातात. अप्पांनाही हे सांगून झालंय.

सुष्मिताला वेगळं पत्र टाकलंय, तिच्या ऑफिसच्या पत्त्यावर, म्हणजे तुझ्या हाती लागायचं नाही. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे त्यात. पोर तिचंही आहे. आता तुझ्याशी काय बोलायचं ते ती बोलेल.

शिवांशच्या दोन्ही पायांचा मुका घे.

पोलिओ झालेली तुझी सख्खी बहीण,
रत्नव्वा