महानंदाचं लग्न ठरतंय

३ फेब्रु., सोम.
चारही पीअर वर्करची आढावा बैठक. तिघी बोलल्या, महानंदा गप्प. सगळ्या गेल्यावर दाराशी थांबली. "मॅडम, माझं जमतंय." मोहोळचं स्थळ, मुलाचं खत-बियाण्यांचं दुकान. मी मिठीच मारली. मग हळूच, आईचा हवाला देत, "त्यांना आजाराचं सांगितलं न्हाय. अव्वा म्हणती, कळलं तर गावात, मैंदर्गीत तोंड दाखवायची सोय ऱ्हाणार न्हाय."
चार वर्षांपूर्वी तिला आवाज ऐकू यायचे, घर सोडून निघून जायची. आता बरी आहे, रोजची एक गोळी. आणि पीअर वर्करची नोकरी काय, तर आजारी मुलींना हेच सांगायचं. मला झालं होतं, मी उठले, तूही उठशील.

६ फेब्रु., गुरु.
मुलाच्या वडिलांचा फोन. "पोरगी तुमच्याकडं नेमकं काय करती?"
"घरभेटी. आरोग्याचं काम." खोटं नाही. खरंही नाही.
"स्वभावानं कशी हाय?"
फार चांगली, मी म्हणाले. हे मात्र पूर्ण खरं.

१० फेब्रु., सोम.
महानंदाला मोहोळच्या भेटी नकोत. साहजिक आहे. पण मोहोळला अर्चना आहे. बावीस वर्षांची, आठ महिने खोलीबाहेर नाही, बोलते फक्त महानंदाशी.
"एकदा जाऊन तिला सांगून तरी ये."
"कुणी बघितलं तर, मॅडम?"
प्रशिक्षणात मीच फळ्यावर लिहिलं होतं, आपली गोष्ट कुणाला सांगायची ते आपणच ठरवायचं.

१३ फेब्रु., गुरु.
मोहोळला मीच गेले. अर्चनाची आई दारातच, "त्या ताई कुटं हायत?" दुसरं काम दिलंय, म्हणाले. खोलीच्या बंद दाराबाहेर तासभर बसून बोलले. एम.एस.डब्ल्यू.ची पदवी, सोळा वर्षांचा अनुभव, सगळं दाराबाहेर. शेवटी आतून एवढंच, "त्या परत आजारी पडल्या का?"
नाही गं.
"मग का न्हाय आल्या?"
निघताना आई म्हणाली, चार दिवस झाले, गोळी थुंकून टाकती.

१८ फेब्रु., मंगळ.
महानंदाचं ऐकून संस्थेचे साहेब म्हणाले, "स्वतःचं सांगायचं नसेल तर पीअर वर्कर कसली? दुसरी बघा." दुसरी बघा म्हणे, बल्ब गेल्यासारखं. तोंडानं मात्र "बघते सर."

२२ फेब्रु., शनि.
महानंदानं कॅल्शियमची डबी दाखवली. आत तिच्या गोळ्या. "लग्नानंतर अशाच नेते की."
"संपल्यावर?"
"म्हायेरी येईन की."
"येऊ दिलं नाही तर?"
हसली. नखं रंगवलेली, मी पहिल्यांदाच पाहिली. लई गोड दिसत होती. तरी बोललेच, त्याला एकट्याला सांग, लग्नाआधी, मी येते सोबत.
"आणि त्यानं मोडलं तर तुम्ही मला काय द्याल, मॅडम?"
रागानं नाही. खरंच विचारत होती.

१ मार्च, शनि.
अर्चनाला काल दवाखान्यात ठेवलं. आईचा फोन, नुसतं रडणं. महानंदाला सांगितलं नाही. सांगायला हवं? सांगून तिच्या डोक्यावर हेही ठेवू? जुळे सोलापूरला घरापर्यंत गाडी चालवत आले, पण रस्ता कसा सरला आठवत नाही.

५ मार्च, बुध.
दुपारी मुलाचाच फोन. शिवराज नाव. अवघडून बोलत होता.
"मॅडम, ती बोलता बोलता मधीच गप होती. काय असंल तर सांगा. मी मोडणार न्हाय. फक्त म्हाईत पायजे."
आवाज चांगला वाटला. पण आवाजावरून कुणाचं काय कळतं?
"तिलाच विचारा," म्हणून गेले.
म्हटल्यावर कळलं. काहीच नसतं तर "काही नाही हो" म्हणाले असते. मग तो, "बरं मॅडम. समजलं."
काय समजलं याला?
लगेच महानंदाला फोन लावला. ती बिझी, दुसऱ्या कॉलवर. दहा मिनिटांनी, दुसऱ्या कॉलवर. अर्ध्या तासानं परत. आता साडेचार झालेत, अजून दुसऱ्या कॉलवरच आहे.